वायर हलवली की चालू होतंय! ढिल्या कनेक्शनचा दीडशे वर्षांचा इतिहास



पेरणीच्या दिवसांत हमखास दिसणारा प्रकार. ट्रॅक्टर तासातच बंद पडतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक येतो, बॉनेट उघडतो, दोन-चार कपलर काढून परत बसवतो, वायरी हलवून बघतो, अन् ट्रॅक्टर चालू. "काही नाही, लूज कनेक्शन होतं." चार दिवसांनी परत तेच. मग सेन्सर बदला म्हणतात. सेन्सर बदलला की थोडे दिवस बरं चालतं अन् पुन्हा दिवा लागतो. पैसा जातो तो जातोच, पण वाफसा निघून गेला तर तो कुठून आणायचा?

म्हणून आजची नोंद पिकाची नाही, या लूज कनेक्शनची आहे. हा रोग काही आजचा नाही. त्याच्यामागं मोठमोठ्या माणसांनी आयुष्यं घालवलीत. तो इतिहास वाचला की एक गोष्ट पक्की कळते. पुष्कळदा वायर तुटलेली नसते, पिन सुटलेली नसते, सेन्सरही गेलेला नसतो. पिन आपल्या जागेवरच असते. फक्त केसाच्या जाडीएवढी, किंवा त्याच्याहूनही कमी, सारखी हलत असते. सगळा घोटाळा तिथं आहे.

तीन खिळ्यांची गोष्ट

गंमत म्हणजे ढिलं कनेक्शन पहिल्यांदा नावाजलं गेलं ते शोध म्हणून. १८७८ साली लंडनमध्ये डेव्हिड एडवर्ड ह्यूज नावाच्या माणसानं एक प्रयोग दाखवला. दोन खिळे शेजारी शेजारी ठेवले, एकमेकांना न टेकवता. दोन्हींना बॅटरीच्या वायरी जोडल्या अन् मध्ये टेलिफोनचा ऐकायचा भाग घातला. मग तिसरा खिळा त्या दोघांवर आडवा नुसता ठेवून दिला. ना आवळला, ना झाळला. जवळ बोललं की आवाजाच्या कंपनानं तो वरचा खिळा बारीक थरथरायचा. टेकण्याची जागा कमी-जास्त व्हायची, तशी वीज कमी-जास्त व्हायची, अन् तिकडं आवाज ऐकू यायचा. हाच मायक्रोफोन. पुढं कित्येक दशकं जगभरच्या टेलिफोनच्या बोलायच्या भागात कार्बनच्या दाण्यांची डबी असायची, ती याच तत्त्वावर.

ह्यूजच्या खिळ्यानं एक गोष्ट दाखवून दिली. जोडणी सुटायची गरजच नाही. टेकलेली असतानासुद्धा हादऱ्यानं तिच्यातून जाणारी वीज बदलते. टेलिफोनवाल्यांना तेच हवं होतं. आपल्या सेन्सरच्या वायरीत मात्र तेच नको असतं.

नटाखालची तांबडी भुकटी

दुसरा धागा विजेचा नाही, लोखंडाचा आहे. १९११ साली इंग्लंडमध्ये ईडन, रोझ आणि कनिंगहॅम हे तिघं लोखंड-पोलाद किती हेलकावे खाऊन थकतं, हे यंत्रावर तपासत होते. नमुना जिथं घट्ट आवळून धरला होता, तिथंच गंजाची तपकिरी भुकटी जमायला लागली. पाणी नाही, ओल नाही, अन् घट्ट आवळलेल्या जागी गंज कसा? १९२७ साली टॉमलिन्सन यानं हा प्रश्न हातात घेतला. डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक सरक दोन आवळलेल्या धातूंमध्ये होत राहिली तरी हा गंज तयार होतो, असं त्यानं दाखवलं. यालाच पुढं 'फ्रेटिंग' नाव पडलं. त्या शब्दाचा मूळ अर्थ कुरतडणं.

तिकडं अमेरिकेत १९३०च्या दशकात मोटारी कारखान्यातून रेल्वेनं लांब लांब पाठवल्या जायच्या. मोटार डब्यात बांधून ठेवलेली, चाक फिरायचा प्रश्नच नाही. तरी उतरवून घेतल्यावर नव्या कोऱ्या गाडीच्या बेअरिंगला खड्डे पडलेले दिसायचे. रेल्वेच्या हादऱ्यानं गोळ्या एकाच जागी डुलत राहायच्या. तिथलं वंगण बाजूला सरायचं अन् धातूला धातू घासायचा. म्हणजे पळून जेवढी झिजली नसती, तेवढी गाडी उभ्या उभ्या हादरे खाऊन झिजली.

आपल्याला हे नवीन नाही. रोटाव्हेटरच्या नटबोल्टाच्या कडेला तांबडी पावडर दिसली की जाणता माणूस लगेच पाना घेतो, कारण नट वरून घट्ट दिसला तरी आत हालचाल चालू आहे हे त्याला कळतं. फक्त विजेच्या पिनेची पावडर आपल्याला दिसत नाही, कारण ती कपलरच्या आत असते.

दोन ढेकळं एकमेकांवर

दोन पिना टेकल्या म्हणजे नेमकं काय होतं, हे नीट उलगडलं रॅग्नर होल्म यानं. माणूस स्वीडनचा, बरीच वर्षं बर्लिनला सीमेन्समध्ये काम केलेलं. १९४६ साली त्याचं विजेच्या संपर्कावरचं इंग्रजी पुस्तक निघालं अन् आजही या विषयात त्याचं नाव पहिलं घेतात. त्याच्या नावानं या विषयाची परिषदही भरते.

होल्मचं म्हणणं आपल्या भाषेत सांगतो. दोन ढेकळं एकमेकांवर ठेवली तर ती सगळ्या अंगानं टेकत नाहीत, दोन-चार टेंगळांवर टेकतात. पॉलिश केलेल्या पिनेचंही तसंच. बाहेरून पिन सॉकेटमध्ये गच्च बसलेली दिसते, पण वीज जाते ती काही मोजक्या बारीक ठिपक्यांतून. दाब वाढला तर ठिपके वाढतात, दाब कमी झाला तर कमी होतात. म्हणजे सॉकेटची स्प्रिंग किती जोरानं पिनेला धरून आहे, यावर सगळा खेळ आहे. अन् ते ठिपके इतके लहान असतात की पिन केसाच्या जाडीएवढी सरकली तरी जुने ठिपके सुटून नवे धरावे लागतात.

विमानं, जहाजं आणि दाबून बसवलेली लग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानात अन् जहाजात वायरींचं जंजाळ वाढलं. वायर झाळून जोडली तर झाळकाम तारेच्या आत पुढपर्यंत चढतं अन् तिथवर तार कडक होते. मऊ तार आणि कडक तार जिथं मिळतात, तिथं हादऱ्यानं ती बरोबर मोडते. १९४१ साली अमेरिकेत व्हिटेकर नावाच्या इंजिनिअरनं 'एअरक्राफ्ट मरीन प्रॉडक्ट्स', म्हणजे पुढची एएमपी कंपनी काढली. तिचा धंदाच झाळ न लावता नुसती दाबून बसवायच्या टर्मिनलचा. योग्य मापाची लग, योग्य दाबयंत्र, अन् तारेच्या सगळ्या पदरांवर इतका दाब की मध्ये हवा शिरायला जागा राहत नाही. आज आपण बॅटरीच्या वायरीला किंवा मोटारीच्या केबलला जी लग दाबून घेतो, तिची परंपरा ही.

पकडीनं चेपून बसवलेली लग अन् दाबयंत्रानं बसवलेली लग बाहेरून सारखी दिसते. हादरे सुरू झाले की फरक कळतो.

सोनं महागलं अन् कल्हई आली

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

चांगल्या कनेक्टरच्या पिनेवर सोन्याचा पातळ मुलामा द्यायची पद्धत होती. सोनं गंजत नाही, त्यामुळं पिन थोडी हलली तरी नवा ठिपका स्वच्छच मिळतो. पण १९७१ साली अमेरिकेनं डॉलरची सोन्याशी घातलेली गाठ सोडली. एका औंसाला ३५ डॉलर असा जो सोन्याचा सरकारी भाव वर्षानुवर्षं धरला होता, तो सुटला. जानेवारी १९८० मध्ये भाव ८५० डॉलरपर्यंत गेला. कनेक्टर बनवणाऱ्यांनी साहजिकच स्वस्त मुलामा जवळ केला. तो म्हणजे कथील.

कथील म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपल्या पितळेच्या भांड्यांना लावायची कल्हई. गावात कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, नवसागर टाकून पातेलं चकचकीत करून द्यायचा, तेच कथील. आज आपल्या गाड्यांमधल्या पुष्कळशा पिना म्हणजे कल्हई केलेलं पितळ किंवा तांब्याचा मिश्रधातू.

कथील मऊ असतं, पण हवेत त्याच्यावर कडक अन् ठिसूळ असा एक पातळ थर धरतो. पाऊस पडून ऊन लागल्यावर मऊ रानावर पापडी धरते ना, अगदी तसा. पिन सॉकेटमध्ये जाताना घासत जाते, पापडी फुटते, खालचं ताजं कथील ताज्या कथलाला भिडतं अन् जोडणी उत्तम होते. पिन तिथंच स्थिर राहिली तर वर्षानुवर्षं काही होत नाही.

पण पिन हलत राहिली तर? प्रत्येक हेलकाव्याला थोडं ताजं कथील उघडं पडतं. त्याला हवा लागते, पापडी धरते. पुढच्या हेलकाव्याला ती फुटते, तिची पूड होते, अन् खाली पुन्हा ताजं कथील. ही पूड बाहेर पडत नाही, टेकण्याच्या त्याच ठिपक्यांत साठते. काळी पूड, वीज न जाऊ देणारी. हळूहळू पिन कथलावर न टेकता त्या पुडीवर टेकायला लागते.

१९७४ सालच्या होल्म परिषदेत बॉक आणि व्हिटली या एएमपीच्या दोघांनी विजेच्या जोडण्यांमधल्या फ्रेटिंगवर निबंध मांडला, अन् त्यानंतर हा विषय सगळ्यांनी गंभीरपणे घेतला. बेल प्रयोगशाळेत मॉर्टन अँटलर यांनी पुढं बरीच वर्षं वेगवेगळ्या धातूंवर हेच काम केलं. हालचाल हादऱ्यानंच होते असंही नाही. इंजिन तापतं, निवतं, प्लॅस्टिक आणि धातू कमी-जास्त फुगतात, त्यानंही पिन सरकते. आपल्या ट्रॅक्टरला दोन्ही त्रास एकदम.

एएमपीनं कथलाच्या पिना वापरण्याचे दहा नियमच काढले. ख्रिस्ती धर्मातल्या दहा आज्ञांना इंग्रजीत 'टेन कमांडमेंट्स' म्हणतात, त्यावर कोटी करून यांनी नाव ठेवलं 'टिन कमांडमेंट्स', म्हणजे कथलाच्या आज्ञा. पहिलीच आज्ञा अशी की कथलाची जोडणी बसवल्यावर हलता कामा नये. दुसरी, पिनेवर निदान १०० ग्रॅमचा दाब हवा. तिसरी, वंगण हवं. आणखी एक, कथलाची पिन सोन्याच्या सॉकेटमध्ये घालू नका.

हे आपल्या रानात कसं आलं

जुन्या ट्रॅक्टरला विजेचं काम किती? स्टार्टर, दिवे, हॉर्न, बॅटरी चार्जिंग. इंजिन एकदा चालू झालं की वायरिंग सगळं काढून ठेवलं तरी डिझेलवर चालत राहायचं. शिवाय बारा व्होल्टचा दिवा किंवा हॉर्न चांगली दमदार वीज ओढतो, पिनेवरचा पातळ थर ती फोडून जाते. थोडी अडली तर दिवा मंद लागेल, एवढंच.

आता बघा. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे ट्रेम चार हे कडक नियम लागू झाले. ते पाळायचे तर डिझेल किती अन् कधी सोडायचं, हे ठरवायला बऱ्याच इंजिनांवर कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर आला म्हणजे दाब, तापमान, वेग सांगणारे सेन्सर आले, अन् प्रत्येक सेन्सरला कपलर आला. या सेन्सरांना साधारण पाच व्होल्ट मिळतात अन् वीज अगदी नखाएवढी. पिनेत पुडीचा जाड थर साठला तर तो फोडायची ताकद या विजेत नसते. कॉम्प्युटरला चुकीचा आकडा मिळतो किंवा क्षणभर आकडाच मिळत नाही. तो दिवा लावतो, इंजिनाची ताकद कमी करतो, नाहीतर बंदच करतो. कॉम्प्युटरचं त्यात काही चुकत नाही. त्याला जे कळलं, त्यावर तो वागला.

हादरे किती, त्याचा हिशेब करू. तीन सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालत असेल तर सेकंदाला ५० स्फोट होतात. तासाला १ लाख ८० हजार. आठ तास रोटाव्हेटर मारला तर १४ लाख ४० हजार. प्रत्येक धक्क्याला पिन हलतेच असं नाही, कपलर नीट बांधलेला असेल तर हलतही नाही. पण मोकळी लोंबणारी वायर असेल तर हलते. कोरड्या कथलाच्या पिनेची जोडणी बिघडायला प्रयोगशाळेत काही हजार हेलकावे पुरतात. मग आपल्या एका दिवसाचे किती झाले, बघा.

कृषी विभागातले अन् विद्यापीठातले मित्र हे वाचत असतील, तर त्यांनाही एक सांगणं. टोकण यंत्रावर बी मोजणारे सेन्सर आता येतायत. यंत्र अमुक ओळीत बी पडलं नाही असं दाखवत असेल तर आधी माती उकरून बी बघा, मग त्या ओळीचा कपलर बघा, अन् मग आकडे वहीत घ्या. जोडणी खराब असली तर आकडा नुसता शून्य येत नाही, मध्येच बरोबर अन् मध्येच चुकीचा येतो. तो ओळखायला जास्त अवघड.

मग करायचं काय

इतिहासातून निघणाऱ्या गोष्टी सरळ आहेत.

१) सेन्सर मागवायच्या आधी त्याचा कपलर उघडून बघा. चावी बंद करून, बॅटरीची वायर काढून. पिनेच्या टोकापासून थोडं आत, जिथं सॉकेट टेकतं, तिथं काळा ठिपका दिसतो का ते भिंगानं बघा.

२) कपलर काढून परत बसवल्यावर बिघाड गेला, तर ते निदान झालं, दुरुस्ती झाली नाही. काढता-घालताना पिन घासली, पूड बाजूला सरली, एवढंच. हालचाल तशीच असेल तर पूड परत साठणार. नवा सेन्सर बसवल्यावर थोडे दिवस बरं चालतं, त्याचंही कारण पुष्कळदा हेच. सेन्सर बदलताना कपलर काढून घातलेला असतो.

३) वायर बांधा. कपलरपासून वीतभर अंतराच्या आत, अन् कपलर ज्या भागावर आहे त्याच भागाला. कपलर इंजिनावर अन् वायर चासीला ताणून बांधली तर उलट जास्त ओढ बसते. थोडा ढील ठेवून बांधा.

४) पिनेला पॉलिश पेपर मारू नका. कल्हई निघते अन् खालचं पितळ उघडं पडतं. कनेक्टर साफ करायचा फवारा मिळतो, तो वापरा.

५) विजेच्या जोडणीसाठी वेगळं वंगण मिळतं, ट्रॅक्टरच्या पुस्तकात किंवा कंपनीनं चालतं म्हटलं असेल तर ते पातळ लावा. हवा पिनेपर्यंत पोचत नाही अन् घासणं कमी होतं. चासीचं ग्रीस भरू नका.

६) तपासताना कुणी मल्टिमीटरचं किंवा टेस्टलॅम्पचं जाड टोक सॉकेटमध्ये घुसवत असेल तर हात धरा. सॉकेट फाकतं, स्प्रिंगचा दाब जातो. तपासणी एकाची होते अन् दुसराच बिघाड तयार होतो.

७) कपलरची खटक्याची पट्टी मोडली असेल तर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका, कपलर बदला. सेन्सरपेक्षा तो पुष्कळ स्वस्त.

८) सर्व्हिसिंगला पाण्याचा जोरदार मारा कपलरवर घेऊ देऊ नका. पूड अन् त्यात ओल, म्हणजे दुहेरी नुकसान.

अन् वर्कशॉपमध्ये बिल देताना एकच प्रश्न विचारा: "जुना सेन्सर दुसऱ्या चांगल्या कपलरवर लावून तपासला का?" तपासला असेल अन् खराब निघाला असेल तर बिनधास्त पैसे द्या. तपासलाच नसेल तर आधी तपासायला सांगा. गॅरंटीत असेल तर ही नोंद जॉबकार्डावर लिहून घ्या. भांडायची गरज नाही. मेकॅनिकलाही सेन्सर बदलणं सोपं वाटतं, कारण दिवा सेन्सरचं नाव सांगतो, कपलरचं नाव सांगत नाही.

आपल्या आजोबांनी बैलगाडीच्या कण्याला वंगण घातल्याशिवाय गाडी कधी जुंपली नाही. जिथं दोन धातू एकमेकांवर हलतात तिथं लक्ष द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही. आता तीच जागा बॉनेटखाली कपलरमध्ये गेली आहे अन् नखाएवढी झाली आहे.

खरीप तोंडावर आहे. औजारांना ग्रीस मारताना अर्धा तास काढून ट्रॅक्टरच्या कपलरांवर नजर टाका, लोंबत्या वायरी बांधून घ्या. कुणाला पिनेवर काळी पूड सापडली तर फोटो टाका, ट्रॅक्टर किती तास चालला तेही लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.